खुर्चीतला वरवंटा

१

उमरग्यात घराचा हॉल कसा असावा याचं एक ठरलेलं माप आहे. काचेचा टीपॉय, भिंतभर टीव्ही, छतात निळे दिवे, आणि सोफा असा मऊ, की पाहुणा एकदा रुतला की त्याला हात देऊनच बाहेर काढावं लागतं. हायवेच्या अलीकडच्या त्या कॉलनीत ओळीनं बावीस बंगले होते आणि बावीस हॉल एकाच आईची लेकरं. गायत्रीला त्याचा मनापासून वीट आला होता.

"आपला हॉल रेट्रो करायचा," असं तिनं दिवाळी झाल्यावर जाहीर केलं, तेव्हा तिचा नवरा शिवप्रसाद चहात खारी बुडवत होता.

"रेट्रो म्हंजे जुनंच ना?"

"जुन्या वळणाचं. बैठक, लोड, पितळी समई, लंबकाचं घड्याळ, असं."

"मग गावचं घर सोडून आपण हितं आलो कशाला? तिथं समदं रेट्रोच व्हतं. संडासापासून."

यावर अप्पा असे हसले, की बशीतला चहा धोतरावर सांडला.

अप्पा म्हणजे वीरप्पा, शिवप्रसादचे वडील. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. चाळीस वर्षं गादीवर मांडी घालून त्यांनी कापड मोजलं आणि त्या मांडीनं शेवटी गुडघ्यांवर सूड उगवला. उजवा गुडघा सहा वर्षांपूर्वी जो आखडला तो आखडलाच. जेवायला टेबल, निजायला पलंग, बाकी वेळ प्लॅस्टिकची खुर्ची. त्यात गेल्या वर्षी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. डावा हात लुळा पडला आणि सगळं अंग डावीकडं कललं. ते बसले की गायत्री त्यांच्या डाव्या बगलेत उशी खोचायची आणि अप्पा दर वेळी म्हणायचे, "खोच, खोच. छप्पर कललंय, टेकू द्यायाच लागतो."

गायत्रीचं माहेर ईट गावचं. लग्न होऊन ती आली आणि वर्षाच्या आत सासू गेली. परक्या गावात, परक्या घरात तेव्हा तिला सांभाळलं ते अप्पांनी. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून ते कोथिंबीर निवडत बसायचे, आणि ती उभ्यानं राबताना दिसली की म्हणायचे, "कुंद्रव्वा." बस गं बाई, एवढाच त्या कानडी बोलाचा अर्थ. पण तो ऐकला की तिला खरंच बसल्यासारखं वाटायचं. या घरात तुझं हक्काचं माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर तिनं नवऱ्याच्या आधी अप्पांचं नाव घेतलं असतं, आणि शिवप्रसादला त्याचा राग आला नसता.

"करू दे रे तिला," अप्पा म्हणाले. "माझं बी वय झालंय. जुन्या सामानात शोभून दिसंन."

२

मुनवरभाईचं गोडाऊन हायवेच्या पलीकडं, टायरवाल्यांच्या रांगेत. आसपासच्या गावांतली जुनी घरं पडून तिथं स्लॅब चढले, की त्यांतली दारं, कपाटं, आरसे त्याच्याकडं येऊन पडत. माणूस सरळ आणि बोलायला गोड. गायत्रीनं दोन आठवड्यांत त्याच्याकडून लाकडी पेटीचा रेडिओ नेला, तबकडीचा काळा फोन नेला, रंगीत काचेची हंडी नेली, कमरेएवढी उंच समई नेली. शेवटच्या खेपेला तिला मागच्या भिंतीशी ती खुर्ची दिसली.

सागवानी होती, वापरून वापरून काळी पडलेली. पाठ उंच आणि अगदी सरळ. बसायची जागा एवढी ऐसपैस, की दोन माणसं शेजारी मावावीत. हातांच्या खाली दोन्ही बाजूंना दोन-दोन लोखंडी कड्या. आणि बसायच्या जागी मधोमध, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला एक वरवंटा, सुतळीनं पाठीला बांधलेला.

"ही कुठली हो?"

"कर्नाटक बार्डरकडची हाय भाभी. लई दिवस झाले पडून. कुनी बगत बी न्हाय तिच्याकडं."

"मी बघितलं ना आता."

मुनवरभाई हसला. मग वरवंट्याकडं बोट करून त्यानं विचारलं, "ह्ये आसंच येऊ दे का?"

"येऊ दे की," गायत्री म्हणाली. टेम्पोत खुर्ची हलू नये म्हणून वजन बांधलं असावं, असं तिला वाटलं. दुसरं काय वाटणार?

घरी आल्यावर तिनं सुतळी कापली. फडकं धुण्यात टाकलं. वरवंटा मात्र तिच्या मनात भरला. काळाभोर आणि हाताला गुळगुळीत, असा आता मिळत नाही. दुपारी हायवेकडून वारं सुटलं, की हॉलचं दार धाडकन आपटायचं. तिनं वरवंटा दाराला अडण म्हणून लावला. दार उघडंच्या उघडं राहिलं. एका दगडात दोन पक्षी, असं स्वतःशीच म्हणून ती पुढच्या कामाला लागली.

३

सोफा मधल्या खोलीत गेला. टीव्ही वरच्या मजल्यावर गेला आणि त्याच्या मागोमाग कुरकुरत शिवप्रसादही गेला. भिंतींना नीळ मिसळलेल्या चुन्यासारखा रंग लागला. दोन्ही भिंतींना लागून गाद्या, त्यांवर पांढऱ्या चादरी, लोड, तक्के. महादेवाच्या तसबिरीला चंदनाचा हार. मधली फरशी सगळी मोकळी. आणि दारासमोरच्या भिंतीशी, बरोबर मधोमध, ती खुर्ची. शेजारी समई. नुसत्या कड्या ओक्याबोक्या दिसत होत्या, म्हणून गायत्रीनं त्यांत झेंडूच्या माळा ओवल्या.

मोबाइलवर तिनं दहा-बारा फोटो काढले, पण एकही मनासारखा येईना. सगळं जागच्या जागी होतं, तरी उणं वाटत होतं. मग तिच्या लक्षात आलं, खुर्चीत माणूस हवं.

"अप्पा, दोन मिनिटं बसता का? फोटोपुरतं."

"मला कशाला बसिवतीस? त्या खुर्चीत राजानं बसावं."

"आमचे राजे तुम्हीच."

"लाडीगोडी लावू नको," म्हणत ते काठी टेकत आले. खूष होते, हे चेहऱ्यावर दिसतच होतं.

अप्पा बसले. गायत्री उशी घेऊन वाकली आणि तशीच थांबली. उशी खोचायला जागाच नव्हती. दोन्ही खांदे एका रेषेत, मान ताठ, पाठ खुर्चीच्या पाठीला चिकटून. वर्षभरात पहिल्यांदा अप्पा सरळ बसले होते.

"अगं बाई! अप्पा, बघा तरी, तुम्ही सरळ बसलात!"

"व्हय की," अप्पा म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

संध्याकाळी शिवप्रसाद दुकानातून आला आणि दारातच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. "फिजिओथेरपीवाल्याला वर्षभर जमलं न्हाय, ते तुझ्या भंगारानं केलं," तो म्हणाला. गायत्रीला आभाळ ठेंगणं झालं.

जेवायला उठताना मात्र अप्पांनी आधी काठी मागितली नाही. डोक्यावरची टोपी काढली आणि उठता उठता ती बसल्या जागी ठेवली.

"टोपी का काढली, अप्पा?"

"राहू दे तिथं. मोकळी नको."

एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तसं वाटलं गायत्रीला, आणि ती हसली.

४

चौथ्या दिवशी दुपारी ती चहा घेऊन हॉलमध्ये आली, तर अप्पा खुर्चीत मांडी घालून बसले होते.

तिनं कपबशी खाली ठेवली. सहा वर्षं तो गुडघा पुरता वाकला नव्हता. रोज रात्री त्याला तेल लावणारी तीच. तो किती वाकतो आणि कुठं अप्पा "यव्वा गं" म्हणून ओरडतात, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

"अप्पा, गुडघा?"

"काय झालंय गुडघ्याला?"

तिनं हात लावून पाहिला. गाठ नव्हती, आखडलेपण नव्हतं, दुखणं नव्हतं. नुसता गार होता. माठाच्या बुडाला हात लागावा तसा गार.

तिनं लगेच दुकानात फोन केला. शिवप्रसादनं डॉक्टरांना केला. डॉक्टर म्हणाले, चांगलंच आहे, हालचाल सुधारतेय, बसू द्या. दोघं बाप-लेक खूष, डॉक्टर खूष, शेजारपाजार खूष. मग मीच मेली का खुसपट काढत बसले, असं तिनं स्वतःला दटावलं. कठीण लाकडावर बसून नसा मोकळ्या झाल्या असतील. मन रमलं असेल. माणूस आनंदात असला की दुखणं पळतं, असं म्हणतातच की.

पण अप्पा आता कोथिंबीर निवडायला येईनात. "कुंद्रव्वा" म्हणेनात. पोळी अर्धीच खायला लागले, मग चतकोर. उठायचे ते फक्त झोपायला, आणि उठताना टोपी ठेवून भागत नव्हतं. आधी शाल घडी करून ठेवायची, तिच्यावर टोपी, मग काठी आडवी. तरी चार पावलं गेले की मागं वळून बघायचे. काठीच खुर्चीत राहिलेली, म्हणून गायत्रीच्या खांद्यावर हात ठेवून चालायचे.

"टोपीनं भागत न्हाय आता," एकदा ते तिच्या कानाशी हळूच म्हणाले. आवाजात तक्रार होती. तिनं विचारलं, कुणाचं भागत नाही? अप्पा पुन्हा मागं वळून खुर्चीकडं बघायला लागले.

५

दुपारी तीनच्या सुमारास अप्पा म्हणायला लागले, "लोकं यायलेत."

"कोण लोकं?"

"यायलेत की. दार उघडं हाय न्हवं?"

दार उघडंच होतं. वरवंटा होता ना त्याला. आणि स्वयंपाकघरात भांडी घासता घासता गायत्रीलाही तो आवाज ऐकू आला. चपला काढतानाचा. टाच मोकळी होते, तळ फरशीवर टपकन आपटतो, मग जोड बाजूला सरकतो. एक जोड, दोन जोड, पाच, सहा. पदराला हात पुसत ती बाहेर आली. ओसरीत कुणी नव्हतं. समोरच्या रस्त्यावर ऊन आणि लांब हायवेवर ट्रकचा आवाज.

फक्त घरच्या चपला जागेवर नव्हत्या. एरवी त्या कशाही पडलेल्या असत. आता भिंतीच्या कडेला, एका ओळीत सारून ठेवल्या होत्या. घरात गर्दी होणार असली, की घरची माणसं आपल्या चपला अशा सारतात, येणाऱ्यांना जागा व्हावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी तिनं धुण्याभांड्याच्या सखूबाईला विचारलं. सखूबाई म्हणाली, "म्या कशाला तुमच्या पायताणाला हात लावू?"

रविवारी शांताक्का आल्या. अप्पांच्या थोरल्या बहीण, ऐंशीच्या पुढच्या, कर्नाटकात आळंदला असतात. भाऊ सुधारल्याचं ऐकून नातवाला घेऊन मुद्दाम आल्या. नातू त्यांना दारात सोडून गाडी लावायला गेला. शांताक्कांचं तोंड फाटकापासूनच सुरू झालं होतं. "कुठाय आमचा राजा? फोटो बगितला मी मोबाइलात! काय गं गायत्री, घराचं नाटकाचं थेटर केलीस म्हन!" असं बोलत बोलत त्यांनी उंबरा ओलांडला आणि गप्प झाल्या.

मग त्या सरळ खुर्चीपाशी गेल्या. वाकल्या. मांडी घातलेल्या अप्पांच्या पावलांवर त्यांनी कपाळ टेकवलं.

थोरली बहीण धाकट्या भावाच्या पाया पडते का कधी? आणि अप्पांनीही त्यांना अडवलं नाही. "अक्का, ह्ये काय?" असं म्हणाले नाहीत. त्यांनी नजर खाली केलीच नाही. ते दाराकडं बघत होते.

शांताक्का स्वयंपाकघरात गेल्या. गायत्रीनं दिलेलं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं.

"म्या का वाकले गं?"

"आत्याबाई, तुम्ही बसा आधी."

"आपल्यात माणूस गेलं की निजवत न्हाईत, बसवतेत. तुला ठावं हाय की. आशीच पाठ टेकून, मांडी घालून. बाजूला समई. फुलं. दोनी अंगाला मान्सं बसायला गाद्या. आन कड्यांत दांडे घालून तसंच बसवून नेतेत." त्यांनी गायत्रीचं मनगट घट्ट धरलं. "दारातनं बगितलं आन मला वाटलं, मला यायला उशीर झाला."

गायत्रीनं दुसऱ्या हातानं त्यांच्याकडचं पाण्याचं भांडं काढून घेतलं.

"त्याला उठीव," शांताक्का म्हणाल्या. "त्या खुर्चीतनं उठीव पोरी." चहा न घेताच त्या गाडीत जाऊन बसल्या.

त्या गेल्यावर गायत्री ओसरीत गेली, वळली आणि उंबऱ्याबाहेरून आपलाच हॉल पाहिला. महिनाभर एकेक वस्तू हौसेनं आणून तिनं काय मांडून ठेवलं होतं, ते तिला दिसलं.

६

समई उचलून तिनं माळ्यावर टाकली. झेंडूच्या माळा तोडल्या. पांढऱ्या चादरी काढून बादलीत बुडवल्या, चंदनाचा हार काढला. अप्पा बघत होते.

"अप्पा, उठा आता. आत पलंगावर पडा."

"पडायचं न्हाय," अप्पा म्हणाले.

त्या रात्री ते उठले नाहीत. शिवप्रसादला वाटलं, बसल्या बसल्या डोळा लागला असेल, सकाळी बघू. सकाळी ते तसेच. दुपारीही तसेच. पाण्याचा घोट नाही, लघवीला उठणं नाही. शिवप्रसादनं एका बाजूनं, गायत्रीनं दुसऱ्या बाजूनं हात घालून उचलायचा प्रयत्न केला. साठ किलोचा म्हातारा माणूस तो! पण खुर्चीही हलेना आणि अप्पाही. मांडीचा पाय सोडवायला गायत्रीनं जोर लावला, तर तो लाकडाचाच भाग असल्यासारखा जागचा सरकेना.

"दुखतंय का अप्पा?"

"न्हाय."

"मग उठा ना. माझ्यासाठी उठा."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. नजर तीच, तिच्या ओळखीची, आणि त्या नजरेत भीती होती. "उठता येत न्हाय गं," ते म्हणाले. "कुनी तरी बसल्याबिगर उठता येत न्हाय."

डॉक्टर घरी येऊन गेले. नाडी ठीक, रक्तदाब जरा कमी. अंग आखडलंय, सोलापूरला हलवा, म्हणाले. शिवप्रसाद ओसरीत जाऊन भिंतीकडं तोंड करून रडला. एवढा दांडगा माणूस, पण बापाला खुर्चीतून उचलू शकत नव्हता. मंगळवारी दुपारी जेवणही न करता तो चार धट्टीकट्टी माणसं आणि गाडी आणायला निघाला. "अर्ध्या तासात येतो," म्हणाला. "खुर्चीसकट नेऊ."

७

तो गेला आणि गायत्रीनं मुनवरभाईला फोन लावला.

"खुर्ची परत घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

"घेतो की भाभी. काय झालं? पसंत न्हाय पडली?" मग त्यानं विचारलं, "त्यातला वरवंटा हाय न्हवं जागेवर?"

गायत्रीनं दाराशी लावलेल्या वरवंट्याकडं पाहिलं. "का?"

"न्हाय, ज्या घरातनं उचलली, त्यांनी येकच सांगितलं व्हतं. मोकळी ठेवू नका म्हने. म्या म्हटलं, मोकळी कुठाय, वरवंटा हाय की तिच्यात. म्हनून तर तुमाला इचारलं, आसंच येऊ दे का. तुमी म्हटला, येऊ दे. मला वाटलं, तुमच्यातली रीत आसंल, तुमाला ठावं आसंल."

"मला वाटलं, तुम्ही वजनासाठी बांधलाय."

"या अल्ला," मुनवरभाई म्हणाला. "म्या कशाला बांधू?"

फोन तिच्या हातातच राहिला. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा निजवतात. भावाच्या मुलाच्या बारशाला तिनं स्वतः निजवला होता, टोपडं घालून, कौतुक करून. माणसाच्या जागी वरवंटा, हे तिला जन्मापासून माहीत होतं. पण फडक्यात गुंडाळलेला तो दगड समोर बघून तिच्या मनात तसलं काहीच आलं नाही, कारण तिचं लक्ष खुर्चीच्या लाकडावर होतं.

८

तिनं दाराचा वरवंटा उचलला. दार तसंच उघडं राहिलं. वारा नव्हता.

पांढरं फडकं शोधायला वेळ कुठला! पदराच्या टोकात गुंडाळून तिनं वरवंटा अप्पांच्या मांडीवर ठेवला. "घ्या, हा बसला बघा. आता तुम्ही उठा." अप्पा हलले नाहीत. त्यांच्या बाजूला, खुर्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवून पाहिला. तो तिथं टिकला नाही. घरंगळला, फरशीवर दाणकन पडला आणि लोळत लोळत उंबऱ्याशी जाऊन थांबला.

"आधी जागा मोकळी व्हायला पायजे," अप्पा म्हणाले. ओठ कोरडे पडले होते. "लोकं यायलेत गं. गायत्री, मला भ्या वाटायलंय."

आजवर अप्पांनी कधी, कशाचीही भीती वाटते असं म्हटलं नव्हतं. झटका आला त्या दिवशीसुद्धा नाही. घड्याळात तीन वाजायला पाच मिनिटं होती आणि शिवप्रसादची गाडी अजून यायची होती.

मग तिनं विचार केला. अगदी नीट केला. अप्पांना उठता येत नाही, कारण ते म्हातारे, त्यांचं अंग आधीच दुखण्यानं खाल्लेलं. ती एकतीस वर्षांची होती. गुडघे धड होते. क्षणभर बसायचं, अप्पा मोकळे झाले की उठायचं, चार पावलांवरचा वरवंटा आणून ठेवायचा. यात अवघड काय आहे?

ती खुर्चीच्या कडेवर, अप्पांच्या गुडघ्याला लागून बसली.

अप्पांचा पाय सुटला. मांडी मोडली, उजवा पाय काठीसारखा ताठ पुढं आला आणि अप्पा ओरडले, "यव्वा गं!" ती ओरड ऐकून गायत्रीला हसूच आलं. तिनं त्यांना पुढं लोटलं. ते धडपडले, दोन्ही हातांनी भिंत धरू गेले, डावा हात निसटला, पण उजव्यानं सावरलं. उभे राहिले. डावीकडं कललेले, धापा टाकणारे, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आलेली. तिचे अप्पा. जसेच्या तसे, वाकडे.

"आता तू उठ," अप्पा म्हणाले.

"उठते," गायत्री म्हणाली.

तिची पाठ मागं टेकली होती. ती कधी टेकली, ते तिला कळलं नव्हतं. पायात मुंग्या नव्हत्या, जडपण नव्हतं. दुखत तर मुळीच नव्हतं. मांडी घातलेली होती. आपले गुडघे तिला दिसत होते आणि ते वेगळ्या कुणाचे तरी असल्यासारखे गार होते.

"अप्पा, वरवंटा," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "उंबऱ्याशी पडलाय. तेवढा उचलून द्या."

अप्पा वळले. भिंतीला धरत, ताठ पाय ओढत, ते उंबऱ्यापर्यंत गेले. चार पावलं, पण त्यांना किती वेळ लागला! तिथं उभं राहून ते खाली बघत राहिले. वाकायला गेले आणि अर्ध्यात अडकले. पुन्हा वाकले. बोटं वरवंट्याच्या वीतभर वर हवेतच राहिली. डाव्या हातानं करून पाहिलं, तो हात नुसता लोंबला. बसायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं बसू दिलं नाही.

अप्पा रडायला लागले. "वाकता येत न्हाय गं मला," ते म्हणाले. "गायत्री, मला वाकता येत न्हाय."

तिला सांगायचं होतं, राहू द्या अप्पा, हे येतीलच आता गाडी घेऊन. तिला सांगायचं होतं, तुम्ही आधी बसा. कुंद्रव्वा, असं उलटं त्यांनाच म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही.

ओसरीत चपलेची टाच मोकळी झाली. तळ फरशीवर टपकन आपटला. जोड बाजूला सरकला. मग दुसरा. मग तिसरा.

अप्पांनी डोळे पुसले आणि बाहेर पाहिलं. चाळीस वर्षं दुकानाच्या गादीवर बसलेलं माणूस ते. दारात कुणी आलं की त्यांचं अंग आपोआपच बाजूला सरायचं आणि उजवा हात पुढं व्हायचा. आत्ताही ते उंबऱ्यातून बाजूला सरले, वाट मोकळी केली.

"या," अप्पा म्हणाले, "बसा."

भिंतीकडेच्या पहिल्या गादीला खळगा पडला. मग तिच्या शेजारी दुसरा. गायत्रीला मान वळवून पाहायचं होतं, पण मान सरळ होती आणि दार समोर होतं.